धुतलेली ताटली

सान ओनोफ्रे, हालिस्को
शनिवार, ३० मार्च १९७४

प्रिय ओतिलिया,

तुझं कार्ड फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यालयाच्या पत्त्यावर पोचलं. उत्तराला दीड महिना लागला खरा, पण गेल्या सव्वीस वर्षांत आपण एकमेकांना जे लिहिलं ते सगळं मिळून एका पाकिटाच्या पाठीवर मावेल. त्या मानानं ही तातडीच समज. तुझे यजमान गेल्याचं वाचलं. मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यामुळे 'फार दुःख झालं' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष आणि इतर सर्व दृष्टींनी खोटं होईल. जन्मभर तंबाखूची वखार सांभाळलेला माणूस एकदाही न खोकता जिन्यावरून घसरून जातो, यात दैवाची काहीतरी थट्टा आहे, पण ती तुला आत्ता रुचायची नाही. तू धीराची आहेस. पूर्वीही होतीस. तुझ्या धीरावर मी पूर्वीही फार विसंबलो आहे.

कार्डावर तुझी तीनच वाक्यं. पहिलं यजमानांचं. दुसरं, 'तुझ्या आईला मी क्षमा केली आहे, तिला सांग.' तिसरं, 'ईस्टरला सान ओनोफ्रेला येईन म्हणते, तिला एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे.' 'क्षमा' या शब्दाखाली तू रेघ ओढली आहेस. विद्यार्थ्यानं उत्तराखाली रेघ ओढली की मी समजतो, पोरगं स्वतःचीच खात्री पटवतंय. असो, मास्तरकीची खोड जात नाही. अजून त्याच विद्यालयात तेच लॅटिन शिकवतो. फरक इतकाच, की रोमनं मिस्साची प्रार्थना लोकभाषेत आणल्यापासून माझी भाषा देवालाही कुणी ऐकवत नाही. वर्गात अकरा मुलं उरली आहेत, आणि ती विभक्त्या अशा चालवतात जशी चढावर खेचरं.

तर आईबद्दल. आई जेवत नाही, ओतिलिया. एकोणऐंशी वर्षांची झाली. डोळे गेले, कान तिला हवं तेव्हा चालतात. नाक मात्र शिकारी कुत्र्याचं आहे आणि जीभ दोन्ही अर्थांनी शाबूत. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादर घरी येऊन तिच्या कपाळाला राख लावून गेले, आणि त्यांची पाठ वळताच तिनं जाहीर केलं, की आजपासून ती कापिरोतादेशिवाय, उपवासाच्या शुक्रवारी करतात त्या गुळाच्या पाकातल्या पावाशिवाय, काही तोंडात घालणार नाही. आमची कूका (तुला आठवत असेल, तेव्हा वेण्या घालायची, आता दात घालते) हसली आणि म्हणाली, "एवढंच ना, पेत्राबाई? परवा शुक्रवार आहेच, करते की." त्यावर आई म्हणाली, "एवढंच नाही. ती खाईन." ती म्हणजे कोणती, तर ती. "तोंडात आली की सांगेन." माझ्या व्याकरणात दर्शक सर्वनामाच्या पाठीशी एखादं नाम लागतं, आईच्या व्याकरणात आम्ही लागतो, पाठीशी नाही, वेठीला.

डॉक्टर बारागाननी तपासलं, जीभ पाहिली, पोट दाबलं. दाबल्याबद्दल शिव्या खाल्ल्या आणि मला अंगणात नेऊन म्हणाले, "मास्तर, ही आजारी नाही. ही संपावर आहे. मागणी मान्य करून टाका." तेव्हा आम्ही दोघे हसलो. आता ते हसत नाहीत. दिवसाकाठी चार घोट मक्याची पेज जाते, तीही कूकानं नाक धरण्याची धमकी दिली तर. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. परवा तिला उचलून खुर्चीत बसवलं तेव्हा वाटलं, मी फक्त शाल उचलली.

पहिला शुक्रवार कूकाचा. तिनं चाळीस वर्षं केली तशीच केली, फक्त लोणी संपलं होतं म्हणून पाव डुकराच्या चरबीत तळला. रोमनं चरबीला परवानगी देऊन पुष्कळ वर्षं झाली, पण आईनं रोमला अजून दिलेली नाही. भांडं स्वयंपाकघरात होतं, आई तिसऱ्या खोलीत. तिथून हाक आली, "कूका! शुक्रवारी डुक्कर?" कूका म्हणाली, "पेत्राबाई, फादर म्हणतात चालतं." आई म्हणाली, "फादरला चालतं, कारण फादर जाडा आहे. माझ्या देवाला चालत नाही." ती सगळी कापिरोतादा कूकाच्या बहिणीकडे गेली. तिथं ती सगळ्यांना फार आवडली, हे कूका आईला ऐकू जाईल अशा बेतानं तीन वेळा बोलली.

दुसऱ्या शुक्रवारी मी बाह्या सरसावल्या. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी प्रथम चुलीसमोर उभा राहिलो. विद्यालयात कळलं असतं तर त्यांनी घंटा वाजवली असती. पाव दोन दिवस शिळा लागतो. तो बोटभर जाड कापून गच्चीवर मलमलीखाली वाळवला. लोण्यात तळला. गुळाची ढेप दगडानं फोडली, दालचिनी टाकून पाक उकळायला ठेवला, आणि कूकानं त्यात अर्धा कांदा आणि एक टोमॅटो टाकला. मी ओरडलोच. इतकी वर्षं मी त्या पाकाला निर्भेळ माधुर्य समजत होतो. कूका म्हणाली, "मास्तर, कांद्याशिवाय नुसतं गोड गोड म्हणजे तुमचं ते प्रवचन. चव लागत नाही." मग मातीच्या भांड्याच्या तळाला मक्याच्या भाकऱ्या, म्हणजे करपलं तर त्यांनी करपावं. वर पाव, बेदाणे, शेंगदाणे, जुनं खारट चीज, आणि वरून पाक, पुन्हा पाव, पुन्हा सगळं. मी थर चमच्यानं नीट दाबत होतो तर म्हणाली, "तो पाव आहे हो, विद्यार्थी नाही. इतका बडवू नका."

पाव म्हणजे देह, पाक म्हणजे रक्त, दालचिनी क्रूसाचं लाकूड, चीज कफन, लवंगा खिळे. हे आपण चालायला लागायच्या आधी शिकतो. खिळे मात्र किती, यावर मी जाताजाता आईला म्हटलं, की विद्वानांत दोन पक्ष आहेत, तीन आणि चार, म्हणून मी सुरक्षित बाजूनं चार लवंगा घातल्या आहेत. आईनं चमचा खाली ठेवला. "तीन," म्हणाली. मी म्हटलं, आपल्याच चर्चमधल्या चित्रात चार आहेत. "मग त्या चित्रकाराला जेवू घाल." आणि वर, "पन्नाशी उलटली तरी याला पाव तळता येत नाही, आणि हा मेलेल्या भाषांना वळण लावतो. त्यापेक्षा जिवंत आईला जेवायला लाव." एक घास घेतला, तोंडात फिरवला, रुमालात काढला. "ती नाही."

तिसऱ्या शुक्रवारी मी पेरू घातले. पिकलेले, कापून, पाकात मुरवून. तिनं घास घेतला आणि तोंड मिटून बसली. कूकानं हळूच कपाळाला बोटं लावून क्रूस केला. आईनं गिळलं, ओतिलिया! सोळा दिवसांनी पहिला घास. मग म्हणाली, "जवळ आलास. पण ही पेरवांची. ती समुद्राकडची होती." मी विचारलं, कुठल्या समुद्राकडची, आपल्याकडे तर नदीलाही पाणी नसतं. ती म्हणाली, "त्या पोरीच्या आईचं माहेर सान ब्लासला होतं ना? घंटेवाल्या एलिहिओची पोर. ओतिलिया. तिनं आणली होती, निळ्या ताटलीत. त्यात काहीतरी होतं. तसं मी त्याआधी खाल्लं नाही आणि नंतर नाही. मरण्याआधी एकदा खाऊन मरीन, नाहीतर खाल्ल्याशिवाय मरीन. तू ठरव."

म्हणजे हे सगळं तुझ्यामुळे. रागावू नकोस, थट्टा करतोय.

तुला तो शुक्रवार आठवतो का? अठ्ठेचाळीस साल, उपवासकाळातला चौथा. तू स्वतः आली नाहीस, रीतीप्रमाणे ताटली कोपऱ्यावर माझ्या हातात दिलीस. वर रुमाल, त्यावर तू भरलेलं एक कबूतर, ज्याला मी बदक म्हणालो आणि तू माझ्या पोटरीला लाथ मारलीस. "त्यात काय आहे?" मी विचारलं. तू म्हणालीस, "लग्नानंतर सांगेन. आधी सांगितलं तर तुझी आई स्वतःच करील आणि मला कशाला घेईल?" आपल्याकडे ताटलीचा कायदा किती कडक आहे ते तुला सांगायला नको. शुक्रवारी आलेली ताटली रिकामी परत जात नाही. आणि मुलीनं मुलाच्या आईकडे धाडलेली ताटली तर बोलते. त्या घरच्या कापिरोतादेनं भरून आली तर 'ये'. धुऊन, पुसून, रिकामी आली तर 'येऊ नकोस'. त्यावर अपील नाही, आणि कारण विचारायची पद्धत नाही.

तुझी धुऊन, पुसून, रिकामी आली. मीच आणली. तू दारात उभी होतीस, मागे तुझे वडील. तू ताटलीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि कायदा मोडून विचारलंस, "का रे?" मी म्हणालो, की आईनं एक घास घेतला, तोंडातून काढला आणि कुत्र्यापुढे टाकला. त्या रविवारी तुझ्या वडिलांनी घंटा वाजवली नाही. मिस्सा अर्धा तास उशिरा सुरू झाला आणि कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. मे संपायच्या आत तुझं तेपिकला लग्न झालं, वयानं सतरा वर्षं मोठ्या आणि तंबाखूच्या वासाच्या माणसाशी, आणि तुझे वडील घंटा, मेणबत्त्या, सगळं सोडून तुझ्यामागे गेले. गावानं ठरवलं की माझी आई पेत्रोनिला दगड आहे. बाजारात बायका तिला पाहून पलीकडच्या कडेला जायच्या. आईला कारण कधी कळलं नाही. तिला वाटलं, ती विधवा आहे म्हणून.

आता तिची बाजू ऐक. हे तिनं मला त्याच तिसऱ्या शुक्रवारी, पेरवांचा घास पोटात असताना सांगितलं, जणू मी तिथं नव्हतोच. "मी ती उभ्यानंच खाल्ली," म्हणाली. "बसायला वेळ नव्हता. सगळी. याला एक घास दिला नाही. बोटानं ताटली निपटली. मग माझ्या भांड्यातली काढली, त्या दिवशी माझीही उत्तम झाली होती, आणि तिची ताटली काठोकाठ भरली, वर चीज, वर बेदाण्यांचा क्रूस केला. याला म्हटलं, घेऊन जा, आणि ईस्टरनंतर फादरकडे जाऊ. आणि त्या पोरीनं एक शब्द पाठवला नाही. दोन महिन्यांत दुसऱ्याशी लग्न. माझी भरलेली ताटली घेतली आणि उत्तर दिलं नाही. घंटेवाल्याची पोर, पण गर्व बिशपचा." कूका माझ्याकडे पाहत होती. कूका मूर्ख नाही, हे मला त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षं एका घरात राहून कळायला उशीरच झाला.

तर तुझ्या लक्षात आलं असेल. आईच्या घरापासून तुझ्या घरापर्यंत ताटली भरलेली निघाली आणि रिकामी पोचली. मध्ये फक्त मी होतो. चर्चच्या मागे बायका जिथं कपडे धुतात त्या दगडी हौदाच्या काठावर बसून मी ती खाल्ली. सावकाश. आई खोटं बोलत नव्हती, उत्तम झाली होती. बेदाण्यांचा क्रूस शेवटी खाल्ला. मग हौदात ताटली धुतली, तुझ्याच रुमालानं पुसली आणि तुझ्या दारी आलो. आणि आमच्याकडे कुत्रा नव्हता, ओतिलिया. कधीच नव्हता. तू इतक्या वेळा आमच्या अंगणात आलीस, तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

का, हे तू तेव्हा विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मला सव्वीस वर्षं लागली, आणि आता देताना ते फार लहान वाटतं. त्या वर्षी जानेवारीत मी तुझ्यावर दोन ओळींचं लॅटिन पद्य रचलं होतं. तुला कर्त्याच्या जागी बसवायचं, ते घाईत मी द्वितीयेत ढकललं. तू मिस्साचं लॅटिन नुसत्या कानानं शिकलेली; वाचलंस आणि घंटाघराच्या जिन्यात उभी राहून खळखळून हसलीस. "अरे फिदेन्सिओ, मी तुझ्या वाक्याचं कर्म झाले की!" तू प्रेमानं हसलीस, हे तेव्हाही कळत होतं. पण ते तू वडिलांना सांगितलंस, त्यांनी कौतुकानं रेक्टरना सांगितलं, आणि आठवड्यात अख्खं विद्यालय मला त्याच नावानं ओळखू लागलं. 'कर्म आलं.' 'कर्माला विचार.' जेवणघरात वाढपीसुद्धा म्हणायचा, "कर्माला आणखी वरण?" मी पंचवीस वर्षांचा होतो, आणि माझ्याजवळ त्या लॅटिनखेरीज दुसरं काही नव्हतं. तू ते केव्हाच विसरली असशील. हसणाऱ्याला लक्षात ठेवावं लागत नाही.

हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला पुरवलं. आता आईच्या उशाशी रोज बसतो तेव्हा दुसरं एक दिसतं, तेही लिहून टाकतो. त्या शुक्रवारी आई चुलीपाशी उभी राहून तुझी कापिरोतादा खात होती, आणि तिचा चेहरा मी पाहिला. तिचे डोळे मिटले होते. मी पदकं आणली, पहिले क्रमांक आणले, बिशपचं पत्र आणलं. त्यांतल्या कशावर तो चेहरा मला मिळाला नाही. तुला तो एका ताटलीत मिळाला. तू या घरात आली असतीस, तर तो चेहरा दर शुक्रवारी झाला असता आणि मी टेबलाच्या टोकाला बसून पाहिला असता. म्हणून मी हौदाकडे वळलो. मी तुझ्याशी लग्न केलं नाही, दुसऱ्या कुणाशीही केलं नाही, आणि आई गेली सव्वीस वर्षं पूर्ण माझी आहे. तिनं या काळात एकदाही डोळे मिटून काही खाल्लं नाही.

चौथ्या शुक्रवारी मी समुद्राकडचं सुचेल ते घातलं. नारळ, केळी, संत्र्याची साल, कूकाच्या सल्ल्यानं चमचाभर मीठ जास्त. आईनं घास घेतलाच नाही, नुसता वास घेतला. म्हणाली, "तू बाजार शिजवला आहेस. त्यापेक्षा तिलाच बोलाव. तेपिक काही रोम नाही. म्हणावं, राग सोड, म्हातारीसाठी एकदा करून जा." कूका लगेच म्हणाली, "मी पत्ता शोधते, पेत्राबाई." शोधायचा कशाला, तो माझ्या खणात होता, तुझ्या कार्डावर. मी आईचा हात धरला आणि सांगितलं, की ओतिलिया वारली. फार वर्षं झाली. आईनं हात सोडवून घेतला. मग, "कशानं?" "बाळंतपणात." "आणि मूल?" "तेही." (तुझी मुलं कुशल असतील.) आईनं तोंड भिंतीकडे केलं, आणि त्या दिवशीची पेजही नाकारली. कूका ओक्साबोक्शी रडली. तिला तू आवडायचीस.

आईनं तुझ्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितला, तो काल पाचव्या शुक्रवारी झाला. तुला कळवणं माझं कर्तव्य समजतो. चांगला झाला. वेदीवर सहा मेणबत्त्या होत्या, फादरनी तुझं नाव स्पष्ट उच्चारलं, तुझ्या वडिलांच्या घंटेचाही उल्लेख केला. तुझ्याबरोबर शाळेत असलेल्या दोघी-तिघी रडल्या, आणि बाहेर आल्यावर सगळ्या तुझ्याविषयी इतकं चांगलं बोलल्या की मी नीट ऐकून ठेवलं. हे भाग्य जिवंतपणी फार थोड्यांना लाभतं. एकीनं जाताना आईच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हटलं, "हिच्या पापानं गेली ती." आईला खाटेवरच प्रसाद दिला. नंतर तिनं मला जवळ बोलावलं. आता आवाज इतका बारीक झाला आहे की कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाली, "तिनं माझी ताटली घेऊन उत्तर दिलं नाही, त्याची मी तिला क्षमा केली. तिला सांग." मी म्हटलं, "कुणाला सांगू, आई? ती गेली." म्हणाली, "तुला लॅटिन येतं ना? वर कळतं ते." म्हणून सांगतो. तिची क्षमा तुला पोचली. तुझी मी तिला पोचवलेली नाही, कारण त्यासाठी ती दगड आहे असं गाव का म्हणतं, इथपासून सुरुवात करावी लागली असती. तुम्ही दोघी थोर आहात. जे दोघींनी केलं नाही त्याची एकमेकींना क्षमा करून मोकळ्या झालात. माझ्या वाट्याला तुमच्यापैकी कुणी काही ठेवलं नाही, आणि ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण माझं नाव तुम्हां दोघींच्या गोष्टीत फक्त ताटली नेणारा म्हणून येतं.

आता कामाचं. डॉक्टर आज सकाळी म्हणाले की ईस्टर ती पाहायची नाही. पोटात काही गेलं तर पाहील, आणि कदाचित पुढचाही. येत्या शुक्रवारपर्यंत टपाल जाऊन परत यायचं नाही, म्हणजे बारा एप्रिलचा पवित्र शुक्रवार हा एकच उरला. त्यासाठी हे पत्र लिहिलं. तुझ्या कापिरोतादेत काय होतं, ते मला कळव. किती, केव्हा, पाकात की थरांत, सगळं. पाव दोन दिवस वाळावा लागतो, तेव्हा उत्तर मंगळवारी, नऊ तारखेला, माझ्या हातात हवं. मागे पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस, आणि पत्ता याही वेळी विद्यालयाचाच घाल, कारण घरचं टपाल कूका उघडते आणि आईला वाचून दाखवते. ईस्टरला येतेस म्हणालीस, तर येऊ नकोस. तू या दारात उभी राहिलीस तर आईला एकाच वेळी दोन गोष्टी कळतील, तू कोण होतीस आणि मी कोण आहे, आणि डॉक्टर म्हणतात तिच्या हृदयाला आता जिनासुद्धा वर्ज्य आहे. तू लिहिलं नाहीस तर ती उपाशी जाईल. आलीस तर धक्क्यानं जाईल. आणि नुसती चार ओळींची कृती पाठवलीस तर ती डोळे मिटून जेवेल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, त्यामुळे कागद आजच घेशील याबद्दल मला शंका नाही. तिला मी सांगेन की कूकाला अचानक जमली. तिनं खाल्ली का, काय म्हणाली, किती दिवस काढले, हे तुला कळवणं मात्र मला जमायचं नाही, तेव्हा वाट पाहू नकोस. हे एक पत्र परगावच्या पेटीत टाकतो, पण इथलं गाव लहान आहे, पोस्टमास्तरही काल मिस्साला होता, आणि मेलेल्या बाईला पत्रं टाकणारा मास्तर विद्यालयात फार दिवस ठेवत नाहीत.

तुझाच,
फिदेन्सिओ